आरशातली म्हातारी

भुताच्या सिनेमाचं चित्रीकरण सुरू होतं. पडद्याआड शिंपीणबाई म्हातारीच्या झग्याला शेवटची टीप घालत होत्या, पण कान मात्र शेजारच्या मेकअपच्या खोलीत होते. सकाळी दिग्दर्शकाची चिठ्ठी त्यांनीच मेकअपवालीला नेऊन दिली होती: ‘आरशातल्या म्हातारीला मेकअप नको. आहे तोच चेहरा चालेल.’

“प्रसंग माहीत आहे ना, ताई?” मेकअपवाली म्हातारीचं काम करणाऱ्या नटीला विचारत होती.

“हो गं. नायिका आरशात बघते, तिला मी दिसते आणि ती किंचाळते. एके काळी मला बघून शिट्ट्या वाजायच्या. आता किंकाळ्या! आवाज झाल्याशी मतलब.”

“हसू नका, रंग फाकतो.”

“सुरकुत्या जरा सढळ हातानं काढ हं. नाहीतर लोकांना वाटायचं, हीच म्हातारी झाली.”

“काढते की. कपाळावर चार, ओठांपाशी दोन.”

“हात का थांबला?”

“जागा शोधतेय. कातडी अजून ताठ आहे तुमची.”

“चल, लबाड! पण धुतल्यावर जातं ना गं हे सगळं? संध्याकाळी लेकीकडे जायचंय.”

“जातं. मी स्वतः पुसून देईन.”

तेवढ्यात दिग्दर्शकाची मदतनीस दारातून ओरडली, “अजून तयार नाही? अहो, त्यांना तर मेकअप...”

“झगा व्हायचाय अजून!” शिंपीणबाई पडद्याआडून तिच्यावर खेकसल्या. “जरा दम धर की, बाई!”

आणि नुकतीच घातलेली टीप त्यांनी उसवायला घेतली.