तरुण होत जाणारा जरबेरा

...नाही, तुम्हीच सांगा, बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, परत यायचं नाव नाही, नवरा घरात एकटा, स्वतःच्या हातचं गिळतोय, आणि ही रोज संध्याकाळी फोन लावून काय विचारते, तर कुंडीतला जरबेरा कसा आहे! वर कॅमेरा त्याच्यावर धरायला लावते. माझी चौकशी? ती राहूनच जाते.

जाताना बजावलं होतं, काही करा पण गाभ्यावर माती ढकलू नका. आता तुम्हाला सांगतो, या झाडाला खोड म्हणावं असं काही नाहीच. सगळी पानं मातीलगत कोंडाळं करून बसलेली, चकाट्या पिटायला बसल्यासारखी, आणि मधून लवदार, पोकळ देठ सरळ वर, टोकाला केशरी फूल, पण देठावर औषधालासुद्धा पान नाही. इतकं उघडंबोडकं ध्यान... मला दया आली हो. दिली गळ्यापर्यंत माती लोटून. सडला की गाभा! दया करणाऱ्याचं या जगात हेच होतं.

मग काय, कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून तसलंच केशरी फूल आणलं, मान पडू नये म्हणून तिनं देठावर चढवलेली प्लास्टिकची नळी काढली, दिलं कुंडीत खोचून. कॅमेरा फक्त फुलावर. ही खूश! तुमच्या हाताला गुण आहे म्हणाली, झाड मजेत आहे तर आणखी थोडी राहते म्हणाली. आणि माझी चौकशी? राहिलीच.

फूल सुकलं की नवं खोचायचं, असं चाललं होतं बेताबेतानं. परवा म्हणाली, जरा जवळ धरा.

"अहो, हे एक फूल नव्हे. कडेची एकेक पाकळी म्हणजे एकेक फूल, आणि मधल्या चकतीत बारीक फुलांची अख्खी वस्ती. ती बाहेरून आत, कडं कडं करत उमलतात. काल पार मध्यापर्यंत उमललेली होती, आज बाहेरचं एकच कडं?"

मी कॅमेरा जरा लांब नेला.

"फूल म्हातारं होतं हो. तरुण कसं व्हायला लागलं?"

म्हटलं, "माझ्या हाताचा गुण."

हसलीसुद्धा नाही. "झाड मेलं ना?"

"मेलं."

मला वाटलं, आता भडकणार, तरातरा निघून येणार. येऊ दे! भांडायला का होईना, येऊ दे. मी मनातल्या मनात घर झाडायलाही घेतलं. तिकडून नुसतं नातवाचं रडणं ऐकू येत होतं...

मग म्हणाली, "झाडासाठीच या रविवारी निघणार होते. आता काय घाई आहे? राहते महिनाभर."

आणि माझी... जाऊ द्या.

काल पाय सवयीनं फुलवालीकडे वळले. तिनं न विचारता केशरी फूल पुढे केलं. म्हटलं, बाई, फूल राहू दे. ती नळी तेवढी द्या... जरा मोठी असेल तर बघा, सोळा नंबरची कॉलर लागते मला.