तीन नंबरचा खांदा

नाव विनोदिनी हरिदास रामटेके, वय ५४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार समता कॉलोनी, रायपूर.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी चौबे कॉलोनीत ब्लाउज पोचवून परतत होते. तेव्हा एका मोटारसायकलवाल्याने माझ्या गळ्यातली सोनसाखळी ओढून नेली. त्याचा चेहरा पाहिला, असं मी त्या दिवशी लिहून दिलं. काल ठाण्यात पाच जण उभे केले, त्यातला तीन नंबर मी दाखवला. ते चुकलं. ती ओळख मी मागे घेते.

मला चेहरे ओळखू येत नाहीत. डोळे चांगले आहेत, सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवते. पण नजर हटली की चेहरा गेला. गिऱ्हाईक मी आवाजावरून, चालीवरून, खांद्यावरून ओळखते. हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, लाज वाटते.

तीन नंबरचा डावा खांदा उतरता होता. हा खांदा पाहिलेला आहे, एवढंच डोक्यात आलं. वर तो माझ्याकडे पाहून हसला. मला वाटलं, किती निगरगट्ट आहे!

संध्याकाळी दारात एक बाई आली. कोण म्हणून विचारणार, तेवढ्यात ती बोलली, "ताई, काहून असं केलं वं? माझा प्रशिक तुले मावशी म्हणते ना!" आवाजावरून कळलं, शेजारची शेवंता. प्रशिक भनपुरीला गोदामात कामाला आहे. आमच्याकडे नेहमी हाक मारूनच आत येतो. पहिलीपासून त्याचे शाळेचे शर्ट मीच शिवले, डावीकडे उतार देऊन. सोमवारी पाठीमागून आलेली मोटारसायकल कोणाची होती ते मला माहीत नाही, पण हा खांदा मी कुठे पाहिला ते आता माहीत आहे.

साहेबांनी विचारलं, "पडोसन ने सिखाया क्या?" नाही. कोणी दमही दिलेला नाही. त्यांना पटेना. त्यांनी मोबाईलवर ठाण्यातल्या चार पोलिसांचे फोटो दाखवले, नुसते चेहरे, सगळे मिशीवाले, आणि यात मी कुठला, असं विचारलं. साहेब समोरच बसले होते. मी दोनदा चुकले. तेव्हा त्यांनी पुढचं लिहायला घेतलं.

प्रशिक हसला तो मावशी दिसली म्हणून. आता सुटलो, असं पोराला वाटलं असेल. त्याला सोडा.

वरचा मजकूर मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. मी सांगितलं तसाच आहे. चेहरा पाहिला, हे सोमवारचं एक वाक्य तेवढं खोटं होतं.