'टाळणे' वापरून वाक्य

ऐका, जाफराबादकडच्या आमच्या शाळेत केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आल्ते. माझ्या पाचवीच्या वर्गाला म्हणले, "'टाळणे' वापरून एक वाक्य सांगा."

मला घाम फुटला. पाठ करून घेतलेल्यात हा शब्दच नव्हता. कोणी हात वर करंना. शेवटी उठली ती माझीच पोरगी.

"पप्पा महिन्यापासून गळ्याच्या गाठीचा रिपोर्ट आणायचं टाळून राह्यलेत. मम्मी रोज रडती."

मला तर तिच्याकडं बघवंना. साहेबांनी शेरेबुक मिटलं आन् मोटारसायकलची चावी काढली.

"वाक्य बराबर हाय. चला गुरुजी, आताच जालन्याला जाऊन रिपोर्ट आणू."

"पण साहेब, वर्ग कोण घेईल?"

साहेब पोरांकडं वळले.

"लिहून घ्या रे, हे दुसरं वाक्य."