क्योटोचा डबा

राहुरीच्या स्टँडवर एसटीला उशीर होता, त्यामुळे मागच्या बाकावरच्या आजी-नातीचं बोलणं मला ऐकावंच लागलं. नात कॉलेजतर्फे जपान बघून आली होती.

"टोकियोत दर दोन मिनिटाला रेल्वे, तरी सगळे पळतात. क्योटोत कुणाला घाईच नाही. आम्ही उतरलो त्या घरच्या म्हातारीनं निघताना मला डबा बांधून दिला. आजी, तिथलं कॉलेज दोन वर्षं शिकायला बोलावतंय. जाऊ?"

"इतक्या लांब? न्हाई."

"बरं."

"डब्याचं काय केलं?"

"घरी आहे. रिकामा."

"अगं, लोकाचं भांडं ठिवून घेत्यात व्हय? लाडू भरून परत द्यायचं."

"कुरिअरनं पाठवते."

"ज्याचं भांडं त्याच्या हातात द्यायचं असतं, राजनंदिनी. कवा निघायचं म्हनलीस?"