साबूत कोपरा

बसा मंडळी, बसा. मी बोलायला उठलो म्हणून तुम्ही उठायचं कारण नाही. अक्का, तुम्हीपण टेका त्या निंबाला.

मला भाषण येत नाही. माझी शाळा मराठी तिसरीपर्यंत, ती पण पावसाळ्यात गळक्या खोलीत. मास्तर म्हणाले, नाना, तुम्ही रोज जायचे साहेबांकडे, तुम्ही बोला. मी म्हटलं, मी टपाल द्यायला जायचो. बोलायला नाही. पण बाईंनी सांगितलं, नाना बोलेल. म्हणून उभा आहे. बाई समोर बसल्या आहेत, त्यांच्यादेखत नाही म्हणता आलं नाही.

आधी तिघे बोलले. तिघांनी देवमाणूस म्हटलं. साहेबाला हे चाललं नसतं. ते म्हणाले असते, "नाना, मी मानूस शे. दात दुखस मना." देव त्यांचा वेगळा होता. त्याची जागा कोणी त्यांना दिलेली त्यांना आवडली नसती. तेव्हा ते राहू द्या. मी जे पाहिलं ते सांगतो आणि खाली बसतो.

साहेब नारवे देशाचे. तिकडे रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. पेन्शन झाली. आपल्याकडे पेन्शन झाली की माणूस ओट्यावर बसतो. साहेब आणि बाई, हे दोघं नवरा-बायको आगबोटीत बसले. साठीला आलेली माणसं. मुलगा, मुलगी, घर, सगळं तिकडे ठेवून मिशनच्या कामाला इथे आली. कशाला, हे मी एकदा विचारलं होतं. साहेब म्हणाले, "तिकडे आमची गरज संपली होती." इथे तरी कोणाला गरज होती? पहिलं वर्षभर कोणालाच नव्हती. खरं तेच सांगतो.

पंधरा वर्षं मी त्यांचा दिवस पाहिला. दिवस रोज तोच. पहाटे साहेब स्वतः ओटा झाडायचे. मग घंटा. घंटेला तीन माणसं यायची आणि एक कुत्रं. मग बाई दवाखाना उघडायच्या, म्हणजे एक टेबल आणि एक कपाट. डोळे आलेली पोरं, खरूज, गळवं. साहेब बाहेर बाकावर नावं लिहायचे आणि रांग मोडणाऱ्याला परत मागे पाठवायचे. पाटलांनाही पाठवलं होतं. पाटील, खरं आहे ना? हसू नका, मान हलवा नुसती.

दुपारी भाकरी. कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेचा खाताना साहेबाच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि बाई म्हणायच्या, नका खाऊ. ते म्हणायचे, खाईन. पंधरा वर्षं हेच. मग गावातली मोडकी दारं, मोटेची चाकं, कोणाचा कंदील, जे येईल ते दुरुस्त. संध्याकाळी दोघं नाल्यापर्यंत फिरायला. साहेब टोपी विसरायचे, बाई मागून टोपी घेऊन निघायच्या. झालं. एवढंच. याच्यात मोठं काही नाही. मोठं असतं तर त्यांनी केलं नसतं.

धर्माचं म्हणाल तर मला एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं नाही. चहाचं मात्र तसं नाही. मी पिशवी घेऊन पायरीपाशी आलो की बाई म्हणायच्या, "नाना, चहा." मी म्हणायचो, नको. कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मिशनच्या घरचा चहा प्यायला म्हणून घरी कोणी बोललं असतं, बाहेर चारजण बोलले असते. पाच-सहा वर्षं मी नको म्हणालो आणि पाच-सहा वर्षं बाई विचारत राहिल्या. रोज.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

आपल्यात मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात. लहान पोराला पण माहीत आहे. कोपरा फाटलेला दिसला की कार्ड घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं. माझ्या हातून अशी कार्डं किती गेली ते मी मोजलं नाही. कोपरा पाहिला की मी लांबून हाक मारायचो नाही. जवळ जाऊन हळू द्यायचो.

साहेब आले त्याच्या तिसऱ्या वर्षी दोंडाईच्याच्या टपालाच्या पिशवीत त्यांचं पाकीट आलं. परदेशी तिकीट. आणि खालचा कोपरा गेलेला. टपालवाल्याचं काम पत्र द्यायचं. बातमी द्यायची नाही. मी दोन्ही केलं. वाटेत घर लागलं, बायकोला सांगितलं, साहेबाच्या घरी कोणीतरी गेलं. तिने शेजारी सांगितलं. मी बंगल्याच्या फाटकापाशी पोचेपर्यंत मागे निम्मं गाव.

मी आत गेलो नाही. फाटकाबाहेर उभा राहिलो, पाकीट हातात धरून. बायकांनी तिथेच सुरू केलं. "काय जयं वं माय!" साहेब धावत बाहेर आले, हातात हातोडी. बाईंच्या हातात चमचा. साहेब म्हणाले, "नाना, बठ्ठं गाव कसाले उनं? कोन गयं?" मी पाकीट पुढे केलं. माझी बायको पुढे झाली आणि बाईंचा हात धरून म्हणाली, "बाई, आते चूल पेटवू नका. मी पिठलं-भाकर लई येस."

साहेबाने पाकीट फोडलं. उभ्या उभ्या वाचलं. मग आमच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचलं. म्हणाले, "पोरीला पोरगी झाली."

कोपरा पिशवीच्या कडीत अडकून फाटला होता, दुसरं काही नाही.

हसलात ना? तेव्हाही असेच हसले होते. पिठलं आलंच होतं, ते सगळ्यांनी खाल्लं. मी सोडून. मी फाटकाबाहेरच होतो. बाईंनी हे सगळं पत्रात लिहून मुलीला कळवलं. कोपऱ्याचं, पिठल्याचं, नानाचं. तिकडून उत्तर आलं की मुलगी इतकी हसली की तान्ही जागी झाली. तेव्हापासून मी साहेबाचं टपाल आणलं की लांबूनच ओरडायचो, "साहेब, कोपरा साबूत!" म्हणजे घाबरू नका. साहेब आतून ओरडायचे, "साबूत!" हा आमचा रामराम होता.

आणखी तीन वर्षं गेली. एक दिवस पाकीट आलं. जाड, चांगलं, चारही कोपरे साबूत. मी लांबूनच ओरडलो. साहेब पायरीवर आले, पाकीट घेतलं, फोडलं, वाचलं. घडी घातली. खिशात ठेवलं.

मी विचारलं, "काय साहेब, चांगली बातमी ना? कोपरा साबूत शे!"

ते म्हणाले, "हो नाना. कोपरा साबूत शे."

आणि म्हणाले, "नाना, आज तरी चहा घे."

मी घेतला. का घेतला ते सांगता येत नाही. त्या दिवशी माझ्या घरी नातू झाला होता, मी आनंदात होतो, म्हणून घेतला असेल. पायरीवर बसलो. बाईंनी कप आणून दिला. मी अर्धा तास नातवाचं सांगितलं. त्याचं नाक कसं आहे, रडतो कसा. माझा मुलगा किती खूश आहे. साहेब ऐकत होते. मधे मधे मान हलवत होते. मी उठलो तेव्हा ते पण उठले आणि फाटकापर्यंत आले. एरवी येत नसत.

गावात मी सांगितलं, साहेबाच्या मुलाचं काहीतरी शुभ आहे, लग्न ठरलं असेल. संध्याकाळी लोक साखर घेऊन गेले. साहेबाने साखर घेतली. सगळ्यांच्या हातावर परत चिमूट चिमूट दिली.

त्यानंतर दरवर्षी त्यांच्या सणाला मी विचारायचो, साहेब, मुलगा कसा आहे? ते म्हणायचे, "बरा आहे, नाना." नऊ वर्षं विचारलं. नऊ वर्षं "बरा आहे".

साहेब सोमवारी गेले. तीन दिवस ताप होता. मंगळवारी आपणच त्यांना मागच्या आवारात पुरलं. मीही माती लोटली. मला रडू आलं नाही. आजही येत नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघतात, नाना एवढा रोजचा आणि कोरडा कसा. मला माहीत नाही. आज सकाळी दोंडाईच्याला गेलो, पिशवी घेतली, त्यात साहेबाचा तिकडचा पेपर होता. तो घेऊन पायरीपाशी आलो आणि ओरडलो, "साहेब, कोपरा साबूत!"

ओरडून झाल्यावर आठवलं.

बाई बाहेर आल्या. पेपर घेतला. म्हणाल्या, "बस, नाना." चहा दिला. आणि मग सांगितलं. त्या जाड पाकिटात मुलगा गेल्याची बातमी होती. बोटीवर कामाला होता, समुद्रात गेला. माझ्या हातातून घेऊन त्यांनी वाचलं ते हेच होतं. आणि मी पायरीवर बसून नातवाचं नाक सांगत होतो.

बाईंनाही त्यांनी तेव्हा लगेच सांगितलं नाही. मी गेल्यावर, नाल्यापर्यंत फिरायला गेले तेव्हा सांगितलं. आणि साखर घेऊन लोक आले ते त्यानंतर. म्हणजे दोघांना माहीत होतं आणि दोघांनी साखर घेतली.

मी बाईंना विचारलं, मला का नाही सांगितलं? आवाज चढला माझा. चढला बाई, माफ करा. मी म्हटलं, नऊ वर्षं मला वेड्यासारखं विचारत ठेवलं!

बाई म्हणाल्या, "साहेब म्हणाले, ते नानाच्या हातून आलं. नानाला कळलं तर तो पुन्हा या पायरीवर ओरडत येणार नाही. हळू येईल. आणि त्याने आजच पहिल्यांदा चहा घेतला."

मी म्हटलं, आणि "बरा आहे" म्हणाले ते? साहेब खोटं बोलत नसत.

बाई म्हणाल्या, "ते खोटं नव्हतं. आमच्या समजुतीत तो बराच आहे."

मंडळी, मी हे का सांगतो? साहेबाची थोरवी सांगायला नाही. मला तर राग आला आहे. त्यांच्या घरी मयत झालं आणि आपल्यातलं कोणी पिठलं घेऊन गेलं नाही. खोट्या मयताला निम्मं गाव गेलं. खऱ्याला साखर नेली. आणि ती मी न्यायला लावली. मी कोपऱ्यावर भरवसा ठेवला. त्यांच्या मुलखात कोपरा फाडत नाहीत हे मला तोपर्यंत कळायला नको होतं का? पहिल्या वेळी कळायला हवं होतं. आपण सगळे हसलो आणि कोणीच तेवढा विचार केला नाही.

बाई, तुमच्या देखत आणि गावाच्या देखत सांगतो. ती चूक माझी. नऊ वर्षं उशिरा सांगतो.

अक्का, रडू नका. अजून थोडं आहे.

बाईंनी आज मुलीला पत्र लिहिलं. साहेब गेले म्हणून. ते माझ्या खिशात आहे. हे बघा. उद्या सकाळी दोंडाईच्याच्या गाडीला पडेल, पुढे मुंबई, पुढे बोट, महिना-सव्वा महिन्याने पोचेल. पत्र देताना बाई म्हणाल्या, "नाना, याचा कोपरा तू फाड."

मी म्हटलं, बाई, तिकडे कोणाला कळणार?

त्या म्हणाल्या, "तिला कळेल. मी लिहिलं होतं ना. ती उघडायच्या आधी खाली बसेल."

सकाळपासून मी तो फाडलेला नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी फाडलेले कोपरे वाटले, स्वतः कधी फाडला नाही. आमच्या घरच्या कार्डांचा कोपरा माझा भाऊच फाडायचा. मी टपालाला इजा करत नाही, असं म्हणायचो. सबब होती ती.

आता फाडतो. तिकीट उजवीकडे वर आहे, पत्ता मधे आहे. डावीकडचा खालचा कोपरा. पत्राला धक्का लागणार नाही.

सभेत शेवटी उभं राहून शांत राहायची रीत आहे. उभं राहू नका. बसल्या जागी राहा. फक्त बोलू नका, पोरांना गप्प करा. कागद फाटल्याचा आवाज फार बारीक असतो, तो मागच्या निंबापर्यंत ऐकू गेला पाहिजे. मी पाकीट परत खिशात ठेवेपर्यंत कोणी हलायचं नाही. मग घरी जा. आज रात्री बाईंची चूल पेटणार नाही. ज्याच्या घरी पिठलं होईल त्याने घेऊन यावं. मीही आणतो. आणि या वेळी आत बसून जेवतो.

गप्प राहा आता.

साहेब, कोपरा फाटला.