ॲम्प्लिफायरची घूं

भूमच्या स्टँडवर माझ्यापुढं कलापथकाचा गायक गाडीची वाट बघत उभा होता. रेडिओ मेकॅनिक त्याचा दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर घेऊन आला.

"घ्या आबाराव. पावर सप्लाय पुरा बदलला. जुना कंडेन्सर काढून दुप्पट मोठा घातला. आता गिटारच्या मागं ती घूंऽऽ येणार न्हाय."

"चाँदपाशा, घूं काढली?"

"मुळासकट!"

"आरं देवा! उद्या दुष्काळी कामावर कार्यक्रम हाय. म्या सूर कशावरनं धरू?"

"म्हंजे?"

"पाच वर्सं आमी त्या घूंवरच गातूय. ॲम्प्लिफायर तापला की घुमतो, मग आमी डोळे मिटून सूर लावतो. ढोलकीबी तिच्यावरच चढवतो."

"खुदा कसम, लोक ती काढा म्हून हातापाया पडतेत!"

"त्यांना गायचं नसतंय. जुना कंडेन्सर कुठं हाय?"

"उकिरड्यावर टाकला."

"हुडकून आणा. म्या हितंच थांबतो, दोन गाड्या सोडतो."

"अहो, तुमच्याकडं पेटी हाय की! तिच्यावरनं सूर घ्या."

"पेटीवाल्याला काढून टाकला."

"व्यंकटला? लई सुरात वाजवायचा त्यो!"

"कसला सुरात? परंड्याला जनरेटर मंदावला, घूं खाली आली. तिच्यासंगं आमी समदे खाली आलो, गिटारबी आली. ह्यो एकटाच वर ऱ्हायला. भर कार्यक्रमात पार्टीची इज्जत घालवली!"