हिरवी आणि तांबडी

आप्पा : ...आणि म्हणून, पद्मजा, निर्विवादपणे तांबडीच तुला योग्य. सदुसष्ट सालची, अठराशे सीसीचे इंजिन, वरखाली होणाऱ्या काचा, पावसात घट्ट बसणारा टप. हिरवी पडली अठ्ठेचाळीसची. तिच्या दारांना काचाच नाहीत. सोमवारी दापोलीच्या विद्यापीठात रुजू होणार, ती काय केस पिंजारून?

पद्मजा : केस बांधता येतात, आप्पा. दोन्हींतली एक गाडी माझी आणि निवड माझी, असा तुम्ही शब्द दिलात. मी हिरवी निवडली.

आप्पा : शब्द पाळतोच आहे. फक्त निवड चुकीची ठरवतो आहे.

पद्मजा : तांबडी ताशी शंभर मैलांनी पळेल, मान्य. पण परशुराम घाटात शंभर मैलांनी कोण जातं? हिरवीत वळण हाताला कळतं. तांबडीत ते नुसतं दिसतं.

आप्पा : काव्य झाले; आता पुरावा. हिरवीचा सांगाडा लाकडी आहे. काशीराम, तू जन्मभर होड्या बांधल्यास. सांग हिला, सदतीस वर्षांचे लाकूड आणखी किती टिकणार?

काशीराम : सदतीस वर्सांचं कुठलं, आप्पा? कुजलेलं मीच काढलं नि फणसाचं घातलं, चार वर्सांमागं. तुमीच माप धरून हुबे होतात.

आप्पा : म्हणजे ती अस्सल उरलीच नाही! तांबडीचा पत्रा मात्र पहिल्या दिवसाचा आहे.

काशीराम : तोच तर घोर हाय. ऐका.

(दोन टिचक्या : हिरवीच्या दारावर टणक, तांबडीच्या दाराखालच्या पट्टीवर पोकळ.)

काशीराम : खाऱ्या वाऱ्यानं आतून खाल्लाय. भायेर नुसता रंग हुबा. लाकूड कुजलं तर दापोलीजवळ हर्णैला धा सुतार हायत. ह्यो पत्रा सांधायला तिकडं कोण गावंल?

आप्पा : तू साक्षीदार कोणाचा रे?

काशीराम : बोलावलात तुमी. पण लाकूड माजं.

पद्मजा : आता उलटतपासणी माझी. हिरवी शेवटची कधी चालवलीत?

आप्पा : गुडघा धरल्यापासून नाही. झाली दोन वर्षे. क्लच दाबवत नाही.

पद्मजा : मग रोज सकाळी तिच्यात कोण बसतं?

आप्पा : बसण्याला कायद्याची हरकत आहे?

काशीराम : पेपर वाचीत बसतात. बंदरावर जाताना मी बगतो की.

आप्पा : वाचतो! पुढची काच आडवी पाडली की समुद्राचा वारा थेट अंगावर येतो. ते सुख तांबडीत नाही. तेवढे एकच तिचे वैगुण्य... तीस वर्षे वकिली केली, आणि कबुली दिली ती घरच्याच मुलीपुढे. किल्ली खुंटीला आहे, पद्मजा. चोक अर्धाच ओढायचा.

पद्मजा : ठाऊक आहे. फ्रॉकात होते तेव्हापासून बघतेय.

काशीराम : तुमी तांबडीत बसा, आप्पा. बसण्यापुरता पत्रा टिकंल.

आप्पा : टपाखाली अंधार असतो रे. अक्षर लागत नाही.

पद्मजा : जाताना मी टप उघडून जाईन.